तुझं माहेरचं नाव

रेवती,

इथल्या मराठी मंडळाच्या वेबसाइटवर दिलीपरावांनी तुझं श्रद्धांजलीचं पान केलं आहे, आणि त्यात तू ‘शांत, मनमिळाऊ आणि मितभाषी’ आहेस. मी वाचून एकटीच हसले. मितभाषी! तळ्याभोवती फिरताना तू एकदा बोलायला लागलीस की समोरून येणारे लोक आपापली कुत्री घेऊन बाजूला व्हायचे. शांत तू फक्त पेशंटसमोर असायचीस. सुई बघून भोकाड पसरणारी पोरं तुझ्यासमोर गप्प व्हायची हे मी डोळ्यांनी पाहिलंय. ती शांतता दवाखान्यात संपवून उरलेली सगळी कटकट तू माझ्यासाठी राखून ठेवायचीस.

तू गेल्याला अजून महिना व्हायचाय. सकाळी मी सवयीने बूट घालते आणि आपल्या सबडिव्हिजनच्या, म्हणजे वसाहतीच्या, तळ्याला एक फेरी मारून येते. शुगर लँडची ती टेक्सासची दमट हवा, पाच मिनिटांत अंगाला चिकटणारा शर्ट, तेच बदक, तीच बाकं. एकटीने फिरताना लक्षात आलं, मला चालायची आवड कधी नव्हतीच. मला तुझ्याशी भांडायची आवड होती.

आणि भांडण तरी काय, एकच. छापलेलं पुसावं की पुसू नये? मी काउंटीच्या लायब्ररीत आयुष्य काढलेली बाई, मी म्हणायचे, छापलं ते छापलं. आज एकाची बातमी काढून टाकाल, उद्या मंत्र्याची टाकाल. तू म्हणायचीस, “सुनंदा, त्या छापलेल्याच्या खाली एखादं माणूस दबलेलं असतं गं.” मी म्हणायचे, मग त्याने दुसरं काही छापून आणावं. तू म्हणायचीस, “ग्रँड.” आयर्लंडमधल्या वर्षांनी तुला हा एकच शब्द दिला होता, आणि तू तो ‘छान’, ‘चालेल’ आणि ‘मूर्ख आहेस’ या तिन्ही अर्थांनी वापरायचीस. मला बहुतेक वेळा तिसरा मिळायचा.

आपली ओळख तशी मंडळातली, गणपतीच्या जेवणात वाढताना झालेली. पण तू मला खरी भेटलीस ती लायब्ररीच्या डेस्कवर. दुपारी, दवाखान्याच्या कपड्यांतच आलीस आणि मराठीत, अगदी हळू आवाजात विचारलंस, “परदेशातल्या जुन्या पेपरातली एखादी बातमी आता इंटरनेटवर आलीय. ती काढून टाकता येते का?” मी विचारलं, कुणाची? म्हणालीस, ओळखीच्या एका बाईंची. मी तुला ग्रंथपालांचं ठेवणीतलं भाषण ऐकवलं. पेपरवाल्यांनी जुने अंक स्कॅन केले हे किती मोठं काम आहे, उद्याच्या अभ्यासकांना त्याचा किती उपयोग आहे वगैरे. तू शेवटपर्यंत ऐकून घेतलंस, ग्रँड म्हणालीस आणि गेलीस. त्या दिवशी ‘ग्रँड’चा अर्थ मला माहीत नव्हता.

ती ओळखीची बाई कोण, ते तू पुढच्या वर्षी सांगितलंस. मिरजेत डॉक्टरी शिकून तू आयर्लंडला गेलीस, एका छोट्या गावातल्या हॉस्पिटलमध्ये ज्युनियर डॉक्टर म्हणून लागलीस. लग्न व्हायचं होतं. तुझ्या ड्यूटीवर एक तान्हं बाळ गेलं. पोलिसांनी येऊन तुला प्रश्न विचारले, जसे त्या दिवशी ड्यूटीवर असलेल्या प्रत्येकाला विचारले. पण गावच्या पेपरात नाव आलं ते एकटीचं, तुझं. ‘बालकाच्या मृत्यूप्रकरणी भारतीय डॉक्टरची चौकशी’, आणि खाली तुझं पूर्ण नाव, तू भाड्याने राहायचीस त्या गल्लीसकट. पुढे रीतसर तपासणी झाली, बाळाच्या हृदयातच जन्मापासून दोष होता असं निघालं, तुझ्यावर कसलाही आरोप ठेवला गेला नाही. ते मात्र पेपरात आलंच नाही. बाळाच्या आईने तुझा हात धरून सांगितलं होतं की तू शेवटपर्यंत त्याच्याजवळ होतीस हे मी विसरणार नाही. पण गावातल्या दुकानदाराला ते माहीत नव्हतं, त्याने पेपर वाचला होता. तुला सुट्टे पैसे परत देताना तो ते हातात न देता गल्ल्यावर ठेवायला लागला. तू मिरजेला परत आलीस.

आणि इथे मला माझीच एक जुनी फुशारकी आठवते. आपल्या ओळखीच्या सुरुवातीला कुणीतरी बोलता बोलता म्हणालं होतं की लग्नात तुझं नावसुद्धा बदललं, नुसतं आडनाव नव्हे, नाव. मी तुझ्यावर तुटून पडले होते. डॉक्टर बाई तू, आणि भटजी ताटातल्या तांदळात अंगठीने नवं नाव लिहितात आणि तू गप्प बसतेस? तू तेव्हा नुसती हसलीस. खरं उत्तर तळ्याकाठी दिलंस. “त्यांनी बदललं नाही. मी मागून घेतलं. श्रीधरला सगळं सांगितलं होतं, त्यालाच म्हटलं, तुमच्यात पद्धत आहे ना नाव बदलायची? मग बदला. सासूबाई इतक्या खूश झाल्या, म्हणाल्या, हल्लीच्या मुली तयार होत नाहीत!” आणि वर म्हणालीस, “युरोपातल्या कोर्टाने विसरलं जाण्याचा हक्क नंतर दिला गं. मला तो आधी भटजींनी दिला, पावशेर तांदळात.”

नाव बदलण्यावरचं माझं ते भाषण मी पुन्हा कधी दिलं नाही. 

टेक्सासमध्ये डॉक्टरकीचं लायसन्स घेताना तू मेडिकल बोर्डाला दोन्ही नावं आणि सगळी हकीकत सांगितली होतीस. त्यांनी कागद बघितले आणि लायसन्स दिलं. म्हणजे कायद्यापासून तू काहीच लपवलं नव्हतंस. शेजाऱ्यांपासून लपवलंस, आणि तेवढं लपवायचा हक्क माणसाला असावा की नसावा, यावरच तर आपल्या फेऱ्या व्हायच्या.

युरोपात तो हक्क आला तेव्हा तू डब्लिनमधल्या एका जुन्या मैत्रिणीच्या मदतीने सर्च कंपनीकडे अर्ज केलास, आणि तो मंजूर झाला. मग आपल्याला त्याची गंमत कळली. बातमी पेपरात होती तिथेच राहणार. फक्त तिकडून तुझं जुनं नाव टाकून शोधलं तर ती दिसणार नाही. इकडून शोधलं तर दिसणार, कारण तिकडचा हुकूम समुद्र ओलांडत नाही. तुझ्या त्या मैत्रिणीने फोनवर नाव टाकून बघितलं, काही नाही. तू शुगर लँडमधल्या तुझ्या किचनमध्ये बघितलंस, पहिलीच ओळ. तू ओट्याला टेकून हसत सुटलीस. “जिथे मला कुणी ओळखत नाही तिथे मी स्वच्छ, आणि जिथे सगळी पोरं माझ्याकडे लशी घ्यायला येतात तिथे ती बातमी!” मी म्हटलं, इथे ते जुनं नाव कुणाला माहितेय? म्हणालीस, “तेच तर. माझं सगळं त्या एका धाग्यावर आहे. ही दोन नावं एकमेकांना भेटता कामा नयेत.”

तेव्हापासून ब्रिटन आणि आयर्लंडचे कायदे तू एखादी बाई मालिका बघते तसे बघायला लागलीस. सकाळी माझा फोन वाजला की समजायचं, तिकडे काहीतरी झालंय. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की नुसती चौकशी चालू आहे, आरोप ठेवलेला नाही, अशा माणसाला ती गोष्ट खासगी राहावी अशी अपेक्षा ठेवायचा साधारणपणे हक्क आहे, त्या दिवशी तू फोन केला नाहीस. सरळ माझ्या दारात आलीस. गाडी ड्राइव्हवेमध्ये चालूच, दार उघडं. म्हणालीस, “तीस वर्षं उशिरा आला यार.” मी लगेच वकिली काढली. हा निकाल इंग्लंडचा, तुझं गाव आयर्लंडचं, तिथे तो बंधनकारक नाही. आणि असा निकाल असला की पेपरवाले घाबरून खऱ्या चोरांचीही नावं छापत नाहीत, त्याचं काय? तू ऐकून घेतलंस. मग म्हणालीस, “मला माहितेय तो मला लागू नाही. पण कुणीतरी म्हटलं ना.” आणि रडायला लागलीस. मी गाडी बंद करून आले आणि चहा टाकला. मी माझं मत बदललं नाही, आजही बदललेलं नाही. पण त्या दिवशी ते पुन्हा बोलून दाखवलं नाही.

आयर्लंडमध्ये बदनामीच्या खटल्यांतून ज्युरी काढून टाकायची चर्चा निघाली तेव्हा मात्र तू माझ्याच अंगावर धावून आलीस. मला वाटलं होतं तू खूश होशील. तर म्हणालीस, “नाही, ज्युरी हवी. माझं ऐकायला गावातली बारा माणसं बसली असती तर त्या दुकानदाराला कळलं असतं.” आणि पैसेवाले लोक पत्रकारांना गप्प बसवायला जे खटले घालतात ते लवकर निकालात काढायची तजवीज दोन्ही देशांत चालली आहे, हे मी जिंकल्यासारखं तुला सांगायला आले, तर तू म्हणालीस, “बरंच आहे की. मी कधी म्हटलं पेपर बंद करा म्हणून?” झालं आपलं एकमत. त्या दिवशीची फेरी इतकी कंटाळवाणी झाली की अर्ध्यातून परत आलो.

ईशाला मात्र तू सांगितलं नाहीस. तुझी एकुलती एक लेक, आणि झाली कोण, तर वार्ताहर. डॅलसजवळच्या फ्रिस्कोत राहते, डॅलसच्या बातम्या करते. तिची पहिली मोठी बातमी आली तेव्हा ती तुमच्याकडे आली होती, मी पण होते जेवायला. एका आगीच्या तपासात पोलिसांनी कुणा माणसाला चौकशीला बोलावलं होतं, आणि त्याचं नाव सगळ्यांच्या आधी ईशाने दिलं होतं. पोर फुलून आली होती. तू पोळी वाढता वाढता विचारलंस, “आरोप ठेवला का त्याच्यावर?”

“नॉट येट, आई. बट द पोलीस सेड हिज नेम ऑन रेकॉर्ड. इट्स पब्लिक.”

“आणि नाही ठेवला तर?”

“देन वी अपडेट इट. आई, धिस इज लिटरली माय जॉब.”

श्रीधरने ताटातून वर बघितलं नाही. तू तिला आणखी एक पोळी वाढलीस, तिने मागितली नव्हती ती. मला गाडीपर्यंत सोडायला आलीस तेव्हा मी म्हटलं, आज सांगायचं होतंस. म्हणालीस, “आज ती इतकी खूश आहे गं.” मग ती जरा स्थिरावली की सांगेन. मग तिला बढती मिळाली की. शेवटच्या आठवड्यात हॉस्पिटलच्या पलंगावरून मला म्हणालीस, “घरी गेले की सांगते. तू मध्ये तोंड घालू नकोस.” मी घातलं नाही. तू घरी आली नाहीस.

तर आता दिलीपरावांचं पान. दिलीपराव मंडळाचे सेक्रेटरी, माणूस सज्जन, आणि कुठलंही काम अर्धवट सोडायचं नाही ही त्यांना खोड. तुझ्या ऑनलाइन शोकसभेला तुझी मिरजेची एक शाळासोबतीण आली होती, तिकडे सकाळ, केस ओले. ती रडत रडत तुझ्याबद्दल बोलली, अर्थात तुझ्या जुन्या नावाने. तिच्यासाठी तू रेवती कधी नव्हतीसच. दिलीपरावांनी ते बरोबर टिपून घेतलं. आपल्याकडे बाई गेली की तिच्या नावापुढे ‘पूर्वाश्रमीच्या’ लिहून माहेरचं नाव द्यायचं, ही रीत त्यांनी न चुकता पाळली. वर तुझा हसरा फोटो, खाली दोन्ही नावं शेजारी शेजारी, त्याखाली ‘आयर्लंडमध्येही वैद्यकीय सेवा’. इतकी वर्षं जपून दूर ठेवलेली दोन नावं, आणि त्यांची भेट घालून दिली कुणी, तर आपल्यातल्याच माणसाने, तुझ्या प्रेमापोटी.

मी ते दोनदा वाचलं. आणि मग मी, सुनंदा, छापलं ते छापलं म्हणणारी, फोन उचलला आणि म्हटलं, “दिलीपराव, तेवढं माहेरचं नाव काढा.”

“का हो सुनंदाताई? स्पेलिंग चुकलं का?”

“नाही. तिची तशी इच्छा होती.”

“अहो, पण माहेरचं नाव नाही घातलं तर कसं दिसतं ते? बाईला मागे कुणीच नाही असं वाटतं. आमच्या मोठ्या वहिनींच्या वेळी राहून गेलं, तर त्यांचे भाऊ अजून बोलत नाहीत आमच्याशी.”

“तरी काढा.”

 ते आवाज एकदम खाली आणून म्हणाले, “माहेरशी काही वाकडं होतं का?”

तू असतीस तर जमिनीवर लोळली असतीस. तुझी अब्रू झाकायला गेले, तर तुझ्या बिचाऱ्या भावाची निघायची वेळ आली. एकाचा हक्क जपायला गेलं की दुसऱ्याचा पाय त्याखाली येतो, हे तुझे ते लंडनचे न्यायाधीश पानंच्या पानं लिहून सांगतात. मला दिलीपरावांनी एका वाक्यात शिकवलं. मी ठणकावून सांगितलं, काही वाकडं नव्हतं, भाऊ दर भाऊबीजेला फोन करायचा, आणि ही गोष्ट कुणाशी बोलायची नाही. ते म्हणाले, “तुम्ही म्हणता म्हणून काढतो.” संध्याकाळपर्यंत नाव गेलं. नंतर मी वाचत बसले, अशा वेळी कायदा काय म्हणतो ते. कायदा काही म्हणत नाही, रेवती. तिकडेही नाही, इकडेही नाही. मेलेल्या माणसाबद्दल काहीही छापलं तरी त्याची बदनामी होत नाही, आणि माहिती जपायचे ते सगळे हक्क जिवंत माणसांपुरते. ज्यासाठी तू इतकी वर्षं धडपडलीस ते सगळं तुझ्याबरोबर संपलं होतं. उरले होते मी आणि दिलीपराव.

मला वाटलं, वेळेवर काढलं. तिसऱ्या दिवशी ईशाचा फोन आला.

“सुनंदामावशी, डिड यू नो?”

तिने पान पहिल्याच दिवशी बघितलं होतं. तिला आपल्या आईवर स्वतः काहीतरी लिहायचं होतं, म्हणून तिने ते नाव शोधलं, जसं ती दिवसभर लोकांची नावं शोधते. मी खोटं बोलले नाही. म्हटलं, मला माहीत होतं, तुझ्या बाबांना माहीत होतं, आणखी कुणाला नाही. आणि मग जे खरं घडलं ते सगळं सांगितलं, बाळाच्या हृदयाचं, त्याच्या आईचं, दुकानदाराचं. रेवती, तू म्हणाली होतीस तोंड घालू नकोस. मी घातलं. तू घातलं नसतंस का?

 ती म्हणाली, “आय लुक्ड फॉर द फॉलो-अप. मी सगळे अंक बघितले, मावशी. देअर इजन्ट वन. दे जस्ट… कधी छापलंच नाही.” आणि रडत नव्हती, चिडली होती. तुझ्यावरही चिडली होती. “शी आस्क्ड मी अबाउट दॅट गाय. जेवताना. आणि तेव्हाही शी डिडन्ट से एनिथिंग.”

मी म्हटलं, तू तेव्हा फार खूश होतीस म्हणून.

“त्याला चार्ज केलंच नाही, मावशी. त्या माणसाला. वी नेव्हर अपडेटेड इट. मी काल बघितलं.”

ते तिने आता केलं आहे. तिच्या जुन्या बातमीखाली एक ओळ आली आहे, त्या माणसावर कोणताही आरोप ठेवला गेला नाही म्हणून. त्याला तिने फोनही केला होता, त्याने तो ठेवून दिला. आयर्लंडच्या त्या पेपरलाही तिने लिहिलं आहे, बातमी काढा असं नाही, बातमीखाली पुढे काय झालं ते घाला असं. कायद्याने त्यांना उत्तर द्यायचंही बंधन नाही हे तिला मी सांगितलं. ती म्हणाली, “आय नो. आय आस्क्ड एनीवे.” अजून उत्तर आलेलं नाही.

मला वाटलं इथे हे संपलं. पण काल दिलीपरावांचा फोन आला, आणि आवाजात चांगलाच वैताग. “सुनंदाताई, तुम्ही म्हणालात नाव काढा, मी काढलं. आता ईशा म्हणते परत घाला. मी श्रीधररावांना विचारलं, ते म्हणाले ईशा म्हणेल तसं करा. ईशा म्हणते मावशीला विचारा. अहो, मी नक्की करू काय?”

मी त्यांना थांबायला सांगितलं आणि ईशाला फोन लावला. तावातावाने लावला, रेवती, तुझी वकील होऊन. म्हटलं, तुझ्या आईने अख्खं आयुष्य ही दोन नावं वेगळी ठेवली. आता ती नाही म्हणून तू जोडणार? ज्या पोरांना तिने मोठं केलं त्यांच्या आयांनी ती बातमी वाचायची? मला जे आयुष्यभर पटलं नाही ते सगळं मी तिला तुझ्या शब्दांत ऐकवलं. तुझ्या बाजूने मी इतकी चांगली कधीच भांडले नव्हते.

ती शांतपणे ऐकत राहिली, पेशंटसमोर तू ऐकायचीस तशी. मग मराठीत म्हणाली, अडखळत, पण मराठीत, “मावशी, आत्ता कोणी ते जुनं नाव शोधलं तर काय मिळतं? फक्त ते एक आर्टिकल. दॅट्स ऑल शी इज. ती तिथे एकटी आहे. मला वाटतं, ज्याला ते मिळेल, त्याला आई पण मिळाली पाहिजे.”

आपण दोघी इतकी वर्षं त्या तळ्याभोवती फिरलो, तू पुसायचं म्हणत, मी ठेवायचं म्हणत. त्या मिरजेच्या पोरीला त्या बातमीत एकटीला सोडून आलोय, हे आपल्या दोघींच्याही डोक्यात आलं नाही. तुला हे आवडलं असतं का, मला माहीत नाही. बहुधा नसतं आवडलं. बहुधा तू ग्रँड म्हणाली असतीस आणि मला अर्थ ओळखत बसावं लागलं असतं. तुला विचारता येत नाही, याचा मला आता राग येतो. इतर वेळी नुसतं वाईट वाटतं.

मी दिलीपरावांना फोन केला. म्हटलं, घाला.

“बरं. आता नाव जरा नीट सांगा बघू. मागच्या वेळी मी शोकसभेत ऐकून लिहिलं होतं, एखादी चूक राहायला नको.”

आणि माझ्या लक्षात आलं की ते नाव मी आजवर कधी मोठ्याने उच्चारलंच नव्हतं. तू मला सांगितलंस त्या दिवसापासून नाही. तळ्याकाठी आपण दोघीच असताना सुद्धा नाही. 

“वैजयंती,” मी म्हटलं. “वैजयंती शेवडे. मिरजेच्या.”